अक्षता तिथूनच टाका

मनालीच्या लग्नाचा मुहूर्त जवळ आला, तरी तिची आई शैलजा टीव्हीसमोर बसून धुमसत होती. धाकट्या दिराने, योगेशने, मोबाईलवरचा व्हिडिओ कॉल टीव्हीवर आणून दिला होता आणि वर शहाणपणही शिकवलं होतं, "वहिनी, नाशिक काय नि मेलबर्न काय, आता सगळं एकच! तुमचा भाऊ तिकडे गाडीतल्या स्क्रीनवर बघतोय, भाची हातातल्या घड्याळात."

अंतरपाट धरला गेला. मनालीची नजर कुणाला तरी शोधत होती. तेवढ्यात जाऊबाईंचा चेहरा पडद्यावर आला.

"दिसतंय ना नीट? मुहूर्ताला सवाष्णीच समोर असाव्यात, म्हणून हो. मनाला लावून घेऊ नका. अक्षता तिथूनच टाका हं!"

"टीव्हीवर टाकू? माझी लेक आहे ती!" शैलजा कडाडली. पण तिचा आवाज योगेशने आधीच म्यूट करून ठेवला होता.



मंगलाष्टकांचं पहिलं "सावधान" आधी भिंतीतून ऐकू आलं, मग टीव्हीतून. तशी तिने वायर उपटली, अक्षतांची मूठ आवळली आणि दार उघडून समोरच्या बोहल्यावर लेकीशेजारी जाऊन उभी राहिली.