पुष्पलता मॅडमची नजर

"डावी मूठ खोल," पुष्पलताबाई म्हणाल्या.

धम्मपालनं उजवी पुढं केली.

"डावी म्हटलं मी."

त्यानं डावी मूठ उघडली. हवेत गायब झालेलं नाणं तिथंच होतं. टेबलाभोवती जमलेले सगळे हसले. धम्मपालही ओशाळून हसला, नाणं खिशात टाकून आपल्या कॉम्प्युटरकडं गेला.

"मोबाइलवर पाहून जादूगार बनून राह्यले," पुष्पलताबाई त्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या. "हात पाहा त्याचे. पोते उचलाचे हात."

गोंदिया रोडवरच्या राइस मिलच्या ऑफिसात पुष्पलता बहेकार हेड अकाउंटंट होत्या. ट्रकवाले, दलाल, मालकाचा मेहुणा, सगळ्यांची लबाडी त्यांच्या नजरेत यायची. ऑफिसातल्या कोणाबद्दलच त्यांचं मत बरं नव्हतं. प्रेमलाल आळशी, मंजू बडबडी, आणि मागच्या वर्षी कामावर लागलेला हा धम्मपाल गजभिये निव्वळ बावळट.

नवी जादू शिकला की तो आधी त्यांच्याच टेबलाशी यायचा. पत्त्यांतला एखादा पत्ता गायब करायचा, तर तो तळहातामागून डोकावत असायचा. पेन हवेत तरंगवायचा, तर दोरा ट्यूबलाइटमध्ये चमकायचा.

"काहून करतं रे हे?" एकदा त्यांनी विचारलं. "येत नाही तर सोडून दे ना."

"तुमी पकडता मॅडम, म्हणून समजते कुठं चुकून राह्यलो."

उत्तर त्यांना आवडलं. तसं दाखवायची गरज मात्र वाटली नाही.

"काल तुमी सुट्टीवर होत्या ना," प्रेमलाल म्हणाला, "तवा मस्त जमलतं त्याले. माह्याच खिशातून माहा पत्ता काढला."

"तुमच्या खिशातून कोणी हत्ती काढला तरी तुमाले समजनार नाही, प्रेमलालजी."

संध्याकाळी घरी गेल्यावर त्या हे सगळं लेकीला सांगायच्या. नवरा वारल्यापासून घरात दोघीच. अपेक्षा एका खाजगी शाळेत शिकवायची. एरवी शांत, पण धम्मपालचा विषय निघाला की तिची कळी खुलायची.

"आज नवीन आणलतं त्यानं," पुष्पलताबाई पर्स ठेवत म्हणाल्या.

"रुमालाचं?" अपेक्षानं कणीक मळता मळता विचारलं.

"हौ. अर्धा रुमाल बाहीतून लटकून राह्यला, आन् हा म्हणते, देखो मॅडम, गायब."

अपेक्षा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. लेकीला असं हसताना पाहिलं की पुष्पलताबाईंना दिवसाचा शीण वाटेनासा व्हायचा. दुसऱ्या दिवशी त्या आणखी बारकाईनं पाहायच्या.

"एक आहे पण," त्या म्हणाल्या. "काहीच लपत नाही त्याच्यानं. असा मानूस कोनाले काय फसवन?"

"खरंच का आई?"

"मंग. बुद्धू लागते फसवाले? अक्कल लागते."

अपेक्षानं दोन स्थळं आधीच नाकारली होती. दोन्ही वेळा पुष्पलताबाईंनी आठवडाभर अबोला धरला. फेब्रुवारीत किरनापुरचं स्थळ आलं. मुलगा रजत, मलाजखंडला इंजिनिअर, आपल्याच समाजाचा. या वेळी अपेक्षा नाही म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "पाहुणे आले की सगळे नुसते पोहे खात गुमसुम बसतात. तुह्या त्या जादूगाराले बोलाव ना. हसतील तरी."

"त्याले? घरी?"

"बाहेरच्या खोलीत बसन तो."

पुष्पलताबाईंनी विचार केला. मुलाची आई फोनवर जरा जास्तच शहाणपणा करत होती. आपण कोणत्या बाईशी सोयरीक करतोय, हे तिलाही दिसलेलं बरं.

रविवारी पाहुणे आले. रजत, त्याची आई, आणि दादाजी नावाचे त्याचे वडील. धम्मपाल इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला आणि दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. त्याच्यासाठी पुष्पलताबाईंनी कागदाचा कप वेगळा काढून ठेवला होता.

पोहे झाले. "कर रे सुरू," त्या म्हणाल्या.

धम्मपालनं दादाजींची अंगठी मागितली. उजव्या मुठीत धरली, फुंकर मारली आणि हात उघडा करून दाखवला. अंगठी नव्हती.

"अरे, लग्नातली आहे ते," दादाजी कासावीस झाले.

पुष्पलताबाई याच क्षणाची वाट पाहत होत्या. त्या उठल्या, धम्मपालचं डावं मनगट धरलं आणि एकेक बोट उलगडलं. अंगठी तळहातावर होती. रजतची आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. दादाजींनी घाईनं अंगठी बोटात घातली. रजतनं टाळ्या वाजवल्या.

धम्मपाल मात्र या वेळी ओशाळला नाही. तो स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहत होता.

"एक जादू आजपर्यंत जमली नाही याले माह्यापुढं," पुष्पलताबाई त्याचं मनगट तसंच वर धरून म्हणाल्या. "माह्या नजरेतून काही सुटत नाही, समधीनबाई. काहीच नाही."

अपेक्षा चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. पाहुण्यांच्या समोरून ती सरळ दाराजवळ गेली आणि चिनी मातीचा पहिला कप तिनं धम्मपालच्या मोकळ्या हातात दिला.

"त्याले काहून?" पुष्पलताबाई म्हणाल्या. "पाहुण्याईले दे आधी."

"आई, त्याईचा हात सोड," अपेक्षा म्हणाली. "दिवाळीतच आमचं लग्न झालं."