तिन्ही सारखीच

गोरक्षनाथ गप्प बसला तर त्याला एक विद्यापीठ, एक सासरा आणि इंजिनियरची पदवी मिळत होती. बोलला तर पुण्याच्या वसतिगृहात पहाटे उठून पोरांची ताटं वाढायची, त्यातून फी भागवायची, आणि चार वर्षांनी विजयमाला. हिशेब इतका सोपा होता की विजयमालेला त्याचीच धास्ती वाटत होती. ती उंबऱ्याच्या आत पेरणीच्या शेंगा फोडत बसली होती. कान सगळे ओसरीवर.

ओसरीवर तिचा बाप पुंजाराम, आत्या साळूबाई, आत्याचा हा मुलगा, आणि मध्यस्थ म्हणून सहादेव गुरुजी. एकाहत्तर साली पुणतांब्यातल्या पोराला पुणे, मुंबई आणि बडोदा अशा तिन्ही ठिकाणी इंजिनियरिंगला जागा मिळते ही काही लहानसहान गोष्ट नव्हती. पण मामाचं बळ इंटरपर्यंतच पुरलं होतं. पुढचं शिक्षण करणारे सासरे गुरुजींनी हुडकले होते, दर विद्यापीठामागं एक. शिकवायचं त्यांनी, मुलगी करून घ्यायची ह्यानं. तसा रिवाजच पडला होता.

"गुरुजी, तिन्हींत थोर कंचं?" पुंजारामनं विचारलं.

"थोरवीत फरक नाही. तिन्ही सारखीच. डोळे झाकून बोट ठेवा."

"डोळं झाकून? आवो, बैल घेताना आमी दात मोजतो."

"मग मोजा. पुण्याचे पाहुणे माडीवर वेगळी खोली देतात. मुंबईचे म्हणतात, आमच्यातच राहा. बडोद्याच्यांनी स्कूटर कबूल केलीय."

"आन् पोरी?" साळूबाई म्हणाली.

गुरुजी अडखळले. एवढं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. "मुलीही... तशा सारख्याच."

मग त्यांनी आवाज खाली आणला. "फक्त तिघांचीही अट एकच. घरात मामाची पोर असताना सुपारी फोडायची, म्हणजे उद्या बोल नको. पुंजाराम, आधी तुम्ही तोंडानं सांगा, हक्क सोडला म्हणून."



परवाच मळ्यात गोरक्षनाथ तिला म्हणाला होता, "माले, कुनाच्या दारात उभं ऱ्हायाची गरज न्हाई. मी ताटं वाढीन, खरकटी काढीन. मामाला मीच सांगतो." तिनं सांगायला लावलं नव्हतं. आपण होऊन म्हणाला होता.

आता त्यानं घसा खाकरला. विजयमालेच्या चिमटीतली शेंग तशीच राहिली.

"मामा," तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं."

पुंजाराम भाच्याकडं बघत राहिला. त्यानंही दुसरं काही ऐकायची आशा धरली असावी, कारण त्यानं वाट पाहिली, आणि बरीच पाहिली. मग डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"सोडला," तो म्हणाला. "साळू, तुजं पोरगं मोकळं. माजी पोर मोकळी."

"दादा, मी कंच्या तोंडानं..."

"गप. पोरगं सायेब व्हतंय, आन् रडती काय?" असं म्हणून तो हसला. हसू काही त्याला साधलं नाही, पण गुरुजींनी ते घाईनं धरून घेतलं.

तरी बोट ठेवायचं राहिलंच होतं. साळूबाईला पुणं हवं होतं, जवळ म्हणून. पुंजारामला मुंबई, गावात सांगायला भारदस्त म्हणून. गुरुजी स्कूटर सोडायला तयार नव्हते. गोरक्षनाथला कुठलंही चालत होतं. चहा निवून साय धरू लागला तेव्हा पुंजारामनं आत हाक मारली. घरात कुणाचं काही बिनसलेलं नाही हे गुरुजींना दिसावं, म्हणूनही मारली असेल.

"माले, भायेर ये. तू बी सातवी शिकलीयास. तूच सांग, पुणं, मुंबई का बडोदं?"

ती दारात येऊन उभी राहिली. गोरक्षनाथनं मान वर केली नाही.

"लांब कंचं?" तिनं विचारलं.

"बडोदा," गुरुजी म्हणाले.

"मंग बडोदं."

"वा!" गुरुजींनी मांडीवर थाप मारली. "खरी हुशार तर हीच. लांब गेल्याशिवाय माणूस मोठा होत नाही, काय?"

"व्हय," ती म्हणाली, आणि आत गेली.

सुपारी पंधरवड्यात पुंजारामच्याच ओसरीवर फुटली. बडोद्याच्या पाहुण्यांना इंजिनियर जावई मिळाला, गोरक्षनाथला विद्यापीठ, गुरुजींना धोतरजोडी, आणि पुंजारामला मानाचा फेटा. पुरणाच्या पोळ्या पहाटेपासून विजयमाला लाटत होती. इतक्या मऊसूत की नवरीची आई जेवणावरून उठून मुद्दाम चुलीपर्यंत आली.

"हात लई गोड हाय पोरीचा," ती म्हणाली. "कुनाची हो ही?"

साळूबाई तव्यावरच्या पोळीकडं बघत म्हणाली, "आमचीच."