तिसऱ्या मजल्यावरची झाडं

चिमटा पानाजवळ गेला तसे झाडकाका नकळत पुढे झुकले.

कागदावर चिकटवलेलं ते सुकं झुडूप सूर्यफुलाच्या कुळातलं. फुलं जांभळी, गोंड्यांसारखी. पानं जहाल कडू. त्याची भावंडं उष्ण मुलखात कुठेही, अगदी गटाराच्या कडेलासुद्धा माजतात. हे मात्र एकाच टेकडीवर उगवायचं आणि ती टेकडी खाणीने कधीच गिळली होती. आता जगात त्याची उरलीसुरली नऊ पानं या कागदावर होती. रसायनशाळेतल्या मॅडम त्यातली चार न्यायला आल्या होत्या.

काका या संग्रहाचे राखणदार. तिसऱ्या मजल्यावर लोखंडी कपाटं, कपाटांत साठ हजार कागद आणि प्रत्येक कागदावर एक झाड. गेल्या महिन्यात संस्थेच्या साहेबांनी फर्मान सोडलं, खोली रिकामी करा, इथे कॉम्प्युटर बसवायचेत. झाडांचं काय, असं काकांनी चाचरत विचारलं. "फोटो काढून झालेत ना?" साहेब म्हणाले. म्हणजे सगळं रद्दीत. काकांनी लग्न केलं नव्हतं. जो काही संसार होता तो त्या कपाटांत होता. तेव्हापासून त्यांना घास गिळवेना.

मग मॅडमच्या चाचणीचा निकाल आला. भावंडांच्या अर्काने कर्करोगाच्या पेशींची वाढ जेमतेम मंदावत होती. या झाडाच्या एका पानाच्या अर्काने एका दिवसात सगळ्या पेशी खलास! संस्थेतली हवाच बदलली. ज्यांना तिसऱ्या मजल्याचा जिना ठाऊक नव्हता ते काकांना वाकून नमस्कार करू लागले. खोली कायम संग्रहाकडेच राहील, असा कागद तयार झाला आणि आज साहेब स्वतः सही करायला वर आले. एकदा केलेली सही ते फिरवत नसत. तेवढा एक गुण त्यांच्यात होता.

"आधी सही होऊ दे, साहेब. मग पानं काढते," मॅडमनी चिमटा मागे घेतला.

"अहो, हे रत्न बघू तरी द्या," म्हणत साहेबांनी झाडाचा कागद उचलून खिडकीशी धरला.

उजेडात त्यावर करडे पट्टे दिसले. ब्रशचे. इतके दिवस न सुचलेली गोष्ट काकांना आत्ता सुचली. कीड लागू नये म्हणून पूर्वी प्रत्येक झाडाला पाऱ्याचं विष फासत. बंदी येईपर्यंत वीस वर्षं ते काम काकांनीच केलं होतं, हातमोज्यांशिवाय. त्या विषापुढे वाळवी टिकली नाही, तिथे पेशींची काय कथा!

बोलावं तर साठ हजार झाडं रद्दीत. न बोलावं तर उद्या कुणाची तरी आजारी आई या औषधाकडे डोळे लावून बसणार. काकांनी मॅडमकडे पाहिलं. त्या मान खाली घालून उभ्या होत्या. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"थांबा, साहेब. पेशी झाडाने नाही मेल्या. मी फासलेल्या पाऱ्याने मेल्या."

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी चिमटा खाली ठेवला. साहेबांनी पेन खिशाला लावलं. "शुक्रवारपर्यंत खोली मोकळी झाली पाहिजे," एवढंच बोलून ते जिना उतरून गेले.

काका स्टुलावर मटकन बसले. "माफ करा, मॅडम. तुमच्या मेहनतीवर पाणी पाडलं मी. पण गप्प बसायला मन धजावेना."

मॅडमचे डोळे भरून आले होते.

"काका, पारा मला पहिल्याच आठवड्यात सापडला होता. साहेबांची सही झाली की मीच सांगणार होते."