जांभळा पट्टा

आता फक्त संध्याकाळपर्यंत गोड राहायचं होतं, की फ्लोरिडातले उरलेले सगळे हिवाळे प्रेस्टनचे. संध्याकाळी वारलेल्या सासऱ्यांच्या गावी नांगर टाकायचा, हेस्टरने बापाचं घर आणि त्याच्यापुढचा धक्का विकायच्या कागदावर सही करायची, की मेन राज्यातल्या थंडीला कायमचा रामराम. सौदा स्वस्तातला होता. आठवडाभर तो तिच्याआधी उठून कॉफी करत होता. धुक्यामुळे एका खाडीत अडकून पडावं लागलं, तेव्हा तो तिच्याशी पत्तेसुद्धा खेळला होता, आणि मुद्दाम हरला होता. मुळात या होडीच्या सफरीचं नाव काढताच ती लगेच हो म्हणाली होती. तेही त्याने आपल्याच गोडव्याच्या खात्यावर जमा धरलं होतं.

धप्प! इंजिन घरघरलं आणि बंद पडलं. होडी हिसका खाऊन थांबली. प्रेस्टनने खोली दाखवणाऱ्या पडद्यावर पाहिलं. खाली भरपूर पाणी होतं, खडक कुठेच नव्हता. समोर होडीच्या टोकाला, नाळेवर बसलेली बायकोही धुक्यात धड दिसत नव्हती.

"काय झालं?" त्याने धुक्यालाच विचारलं.

"कुणाच्या तरी पिंजऱ्यावरून गेलास," हेस्टर मागे येत म्हणाली. "दोरी पंख्यात अडकलीय."

प्रेस्टनने चाकू काढला.

"ठेव तो आत."

"अगं, एक दोरी तर आहे!"

"तिच्या टोकाला कुणाचा तरी शेवंडीचा पिंजरा आहे. दुसऱ्याची दोरी कापायची नसते. इथे एक वेळ दुसऱ्याची बायको पळवलेली खपेल. भोंगा वाजव. ज्याचा असेल तो येईल."

प्रेस्टनने भोंगा वाजवला. कुठूनसं उत्तर आलं. आधी डावीकडून आल्यासारखं वाटलं, मग उजवीकडून. ओहोटीच्या ओढीने होडी त्या दोरीभोवती हळूहळू फिरत होती. मघाशी जमीन ज्या बाजूला होती, तिथे आता बहुतेक समुद्रापारचं पोर्तुगाल असावं. पण संध्याकाळपर्यंत गोड राहायचंय हे ध्यानात ठेवून त्याने शिवी गिळली.

हेस्टरने आकड्याच्या काठीने दोरीवरचा तरंगता बोया ओढून घेतला आणि मांडीवर ठेवला. बुडाशी पांढरा, डोक्याशी लाल आणि मधे जांभळा पट्टा. इथे प्रत्येक मच्छीमाराचे बोये त्याच्या ठरलेल्या रंगांचे असत.

"हे रंग कुणाचे, प्रेस्टन?"

"मला काय माहीत! मला सगळे सारखेच दिसतात."

"नीट बघ."

त्याने नीट पाहिलं. पांढरा, लाल, जांभळा. काहीतरी चांगलं बोलायला हवं, एवढंच त्याला कळलं. "छान आहेत गं," तो म्हणाला.

"मला काही सांगायचंय का तुला?"

"मी काय सांगणार? कॉफी घेतेस?"

"नको." तिने पदराआड झाकावा तसा तो बोया कोटाच्या आत धरला आणि धुक्याकडे तोंड करून बसली. आपलं नक्की काय चुकलं, हे प्रेस्टन शोधत राहिला. काहीच सापडेना.

मग इंजिनाचा आवाज जवळ आला आणि धुक्यातून पिवळा रबरी अंगरखा घातलेला लिंडन बाहेर पडला. सासऱ्यांच्या शेजारच्या घरातला. आधी त्याला अडकलेली दोरी दिसली आणि तो विव्हळला. मग हेस्टर दिसली.

"आयला, तू होय! घरचेच रंग आणि घरचाच पंखा!" तो पालथा पडून वाकला, पंख्याभोवतीची दोरी त्याने कापून काढली. पिंजरा खाली राहिला.

"मला कापू देत नव्हती ही," प्रेस्टन म्हणाला.

"बरोबरच आहे तिचं. माझी आहे म्हणून मी कापली."

प्रेस्टनने पाकीट काढलं. "पिंजऱ्याचे किती झाले?"

"ठेवा हो साहेब. तुमच्याकडून कसले घ्यायचे?" लिंडन हसला. "म्हातारा गेला तेव्हा मीच फोन केला होता ना तुम्हाला? म्हटलं, त्याचे रंग मी चालवतो, नाहीतर कुणी परका उचलेल. तुम्ही एका शब्दात मोकळे. 'घेऊन टाक, आमच्या घरात कुणाला हवेत!' एवढं मोठं मन कुणाचं असतं?"

प्रेस्टनला आठवलं. टीव्हीवर सामना चालू होता. हेस्टरला नंतर सांगू म्हणून राहिलं होतं. पुढे घर विकायचं मनात आलं, आणि आता सांगितलं तर ती हळवी होईल म्हणून त्याने राहू दिलं होतं.

"हा जांभळा माझा," हेस्टर लिंडनला म्हणाली. "बाबांनी मला निवडायला लावला होता, सात वर्षांची होते. आईने खुर्ची रंगवून उरलेला डबा."

"म्हातारा सांगायचा की. मी पट्टा बदलला नाही."

"हेस्टर," प्रेस्टन म्हणाला, "मी तुला सांगणारच होतो."

"म्हणून तर आले." ती एक पाय लिंडनच्या होडीत टाकत होती. "यानं यंदा मार्चमध्येच फोन केला होता मला, आभार मानायला. म्हटलं, आठवडाभर दोघंच असू, तिसरं माणूस नाही, कधीतरी तोंड उघडशील. मघाशी तर रंगच तुझ्यासमोर धरले." तिने दुसराही पाय उचलला. "धक्क्यावर सोड रे मला, लिंडन. घर उघडायचंय, विकायचं नाही. दोन वर्षं बंद आहे, आता बंद ठेवून चालायचं नाही."

"तुम्ही माझ्या आवाजावर मागोमाग या, साहेब," लिंडन ओरडला. दोघंही धुक्यात दिसेनाशी झाली. आवाज आधी डावीकडून आल्यासारखा वाटला, मग उजवीकडून.

प्रेस्टनच्या हातात पाकीट उघडंच राहिलं होतं. पिंजरा लिंडनचा गेला होता, आठवडा हेस्टरचा. त्याच्याकडून मात्र कुणी छदामही घेतला नव्हता.