संचिताचं इंग्रजी

"ह्या मुलीने कॉपी केलीय. दुसरं काय असणार?" मुख्याध्यापक विश्वेश सरांनी दोन्ही पेपर टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

इंग्रजीच्या शर्मिष्ठा मॅडमना पेपर बघायची गरज नव्हती. त्यांनीच ते तपासले होते. नववीतल्या संचिताला इंग्रजी उतारा वाचून उत्तरं लिहायच्या चाचणीत वीसपैकी एकोणीस पडले होते, वर्गात सगळ्यांत जास्त. आणि मोबाइलवर लावलेला उतारा ऐकून उत्तरं लिहायच्या चाचणीत वीसपैकी दोन. वर्गात सगळ्यांत कमी.

मुलगी यंदाच जूनमध्ये फोंडाघाटाहून मालवणजवळच्या ह्या शाळेत आली होती. मामाकडे राहायची. वर्गात तोंड म्हणून उघडायची नाही. वाचनाच्या चाचणीला तिच्या शेजारी बसली होती अनुजा, वर्गातली हुशार मुलगी. सरांना तेवढं पुरलं. त्यांनी संचिताच्या वडिलांना फोन करून बोलावून घेतलं होतं. वडील फोनवरच म्हणाले होते, कॉपी केली असेल तर पोरीला आजच घरी घेऊन जातो, शिक्षण पुरे.

"अनुजाला सोळा आहेत, सर," मॅडम म्हणाल्या. "सोळावालीचं बघून एकोणीस कसे पडतील?"

"मग ऐकताना हिला काय झालं?"

"अर्धा तास द्या," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी संचिताला रिकाम्या वर्गात बसवलं. सर मागच्या बाकावर जाऊन बसले. मॅडमनी आधी कोणीच न पाहिलेला एक उतारा तिच्या पुढ्यात ठेवला. संचिताने तो दोनदा वाचला आणि दहा मिनिटांत उत्तरं लिहून दिली. सगळी बरोबर. जवळ बघायला अनुजा नव्हती, पुस्तक नव्हतं, काही नव्हतं.

मग मॅडमनी मोबाइलवर दुसरा उतारा लावला. बेटावर राहणाऱ्या एका कोळ्याची गोष्ट होती. संचिता कानात प्राण आणून ऐकत होती. उतारा संपला तेव्हा कागदावर ऐकून ओळखलेला एकच शब्द होता : डॉक्टर.

मॅडमना शंका आली. त्या तिच्या पाठीमागे गेल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "संचिता, तुझो डबो खंय आसा गो?"

"दप्तरात आसा, मॅडम," तिने मागे न बघता सांगितलं.

कान चांगले होते. मॅडम तिच्या समोर येऊन बसल्या.

"मिया कॉपी करूक नाय, मॅडम," संचिताचा आवाज रडवेला झाला. "ती मोबाइलातली बाई काय बोलता, ताच माका कळणा नाय."

"बरं, बरं. रडू नको." मॅडमनी त्याच कोळ्याच्या गोष्टीतलं एक सुटं वाक्य फळ्यावर लिहिलं. "हे मोठ्याने वाच."

फळ्याकडे बघत, एकेक अक्षर उच्चारत संचिताने वाचलं, "हिज नेइघबौर लिव्ड ऑन द इसलँड."

मागच्या बाकावर सरांना हसू फुटलं, तशी संचिताने मान खाली घातली. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "ह्याचा अर्थ काय?"

"त्याचो शेजारी बेटार रवायचो."

अर्थ बरोबर होता. मॅडमनी मोबाइल बाजूला ठेवला, उताऱ्याचा छापील कागद हातात घेतला आणि वाचायला सुरुवात केली. पण नेहमीसारखी नाही. एकही अक्षर न गाळता, जसं लिहिलंय तसं. 'आयलंड'चं त्यांनी 'इसलँड' केलं, 'नॉट'चं 'क्नॉट', 'क्लाइंब'चं 'क्लिंब'. अठरा वर्षं मुलांचे उच्चार सुधारण्यात गेली होती, आता त्या स्वतः अडखळत चुकीचं वाचत होत्या. सर बाकावर पुढे सरकून बघायला लागले.

संचिताची मान वर आली. दुसऱ्याच वाक्याला ती हसली. तिची पेन्सिल भराभर चालायला लागली. मॅडमचं वाचन संपलं आणि दोन मिनिटांत तिने कागद पुढे केला. दहापैकी दहा.

"म्हणजे हिला इंग्रजी येतं," सर हळूच म्हणाले.

"येतं. फक्त इथे येईपर्यंत तिने ते कधी ऐकलेलंच नव्हतं," मॅडम म्हणाल्या आणि संचिताकडे वळल्या. "आधीच्या शाळेत इंग्रजीला कोण होतं गो?"

"कोणच नाय होता, मॅडम. तीन वर्सा."

मॅडमनी दोन्ही गुण तसेच ठेवले, एकोणीस आणि दोन. दोनचे वीस कसे करायचे ते आता त्यांना ठाऊक होतं. उद्यापासून मधल्या सुट्टीत आपल्यासमोर बसून मोठ्याने वाचायचं, असं त्यांनी तिला सांगून टाकलं.

एवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. अंगातला शर्ट इस्त्रीचा, पण बोटं हळदीने पिवळी. संचिताचे वडील, शिवा. घाटाच्या पायथ्याशी त्यांची वड्याची गाडी होती. एवढा लांबचा प्रवास त्यांनी मान खाली घालूनच केला असावा. त्यांनी आत येऊन हात जोडले.

"सर, काय असात ती शिक्षा करा," ते म्हणाले.

"शिक्षा कसली?" सर उठून पुढे आले. "तुमच्या मुलीने कॉपी केलेली नाही. वर्गात तिच्यासारखं इंग्रजी कोणी वाचत नाही. आमचंच चुकलं." त्यांनी खुर्ची पुढे केली. "बसा. आणि आधी हे सांगा, घरी हिला इंग्रजी शिकवतं कोण?"

शिवा खुर्चीच्या कडेवर टेकले. लेकीकडे बघितलं, मग सरांकडे. ह्या प्रश्नात काही डाव तर नाही ना, असं त्यांना वाटलं असावं.

"शिकवतला कोण, सर? वड्याक गुंडाळूक मी इंग्लिश पुस्तकांची रद्दी हाडतंय," ते लेकीकडे बोट दाखवत म्हणाले. "गिऱ्हाईक गरम वडो हातात घेवन उबा रवता, पण पान वाचून झाल्याशिवाय ह्या चेडू कागद सोडणा नाय."