खुंटीवरचा कोट

"बाबा, आधी ती विडी विझवा!"

लाँड्रीच्या मागच्या खोलीत लेकीने बापाला भर दुपारी रंगेहाथ पकडलं. डागवाले काका स्टुलावर बसले होते. बोटांत गांजाची विडी, मांडीवर बायकोचा जुना लोकरी कोट. शाई असो नाहीतर ग्रीस, कुठलाही डाग काढतात म्हणून अख्खी गल्ली त्यांना डागवाले काका म्हणायची. वय एकाहत्तर, छातीत दोन स्टेंट. चेहरा मात्र साखरेच्या डब्यात हात सापडलेल्या पोराचा.

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? गांजाने ठोके वाढतात, तुमच्या हृदयाला झेपायचं नाही. म्हणाल्या की नाही?"

"म्हणाल्या."

"मग? आईचं वेगळं होतं. तिला दुखायचं. तुम्हाला काय दुखतंय?"

काकांनी विडी विझवली. कोट उचलून खुंटीला अडकवला.

आजारपणाच्या शेवटच्या वर्षात आई याच खोलीत, हाच कोट पांघरून बसायची. तिचे हात थरथरायचे, म्हणून विडी काकाच पेटवून द्यायचे. दोन झुरक्यांनी कळ जरा हटली, की ती गिऱ्हाइकांच्या नकला करायची आणि दोघं पोट धरून हसायचे. तिला जाऊन तीन वर्षं झाली. काकांना ती अजून हवी होती. दुपारी चारच्या सुमाराला तर फारच हवी होती.

लेकीला हे समजत नव्हतं असं नाही. पण आई गेली ती गेली. आता तिला बाप गमवायचा नव्हता.

त्याच आठवड्यात काका तपासण्यांसाठी दोन दिवस दवाखान्यात राहिले आणि इकडे तिने कंबर कसली. पुडी, काडेपेटी, राखेची बशी, सगळं कचऱ्यात. भिंतीसुद्धा पुसून काढल्या. उरला खुंटीवरचा कोट. त्याला धुराचा वास मारत होता. हा नाकाशी आला की बाबांना तलफ येणारच, असं तिच्या मनाने घेतलं.

मग तिने आयुष्यातलं सगळ्यात चोख काम केलं. थंड पाणी, सौम्य साबण, कॉलरला हलक्या हाताने ब्रश. चार वेळा पाणी बदललं. सावलीत वाळवला, वर ओलं फडकं ठेवून इस्त्री केली. बाबांचा पहिला धडा तिला लहानपणापासून पाठ होता. कपडा असा धुवायचा, की कुणाचा होता ते कळता कामा नये. म्हणून तर गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी टाचायची.

"बघा, कसा नव्यासारखा झालाय!" काका परतले तेव्हा तिने कोट पुढे केला.

काकांनी कॉलरमध्ये नाक खुपसलं. मग बाहीत. मग अस्तर उलटून त्यात. बराच वेळ त्यांनी चेहरा वर काढला नाही.

"बाबा? छातीत दुखतंय का?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. चष्म्याच्या डबीत लपवलेली शेवटची विडी काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

"घे. आता नाही लागायची."

"खरंच सोडली?" तिला आनंदाने रडूच आलं.

"सोडली." त्यांनी कोट पुन्हा खुंटीला अडकवला. त्याची बाही सारखी केली. "झकास धुतलायस गं. कुणाचा होता, कळतसुद्धा नाही."