सोमवारचं मौन

पडद्यावरच्या मुलीने कंडक्टरला ‘थँक्यू अन्ना’ म्हणायच्या ऐवजी ‘थँक्यू आई’ म्हटलं, आणि हैदराबादच्या कोठी भागातलं ते लहानसं सभागृह हसून लोटपोट झालं. तारामतीही हसली. मग तिने हळूच शेजारी पाहिलं. मानसी, तिची सोळा वर्षांची लेक, पडद्यावरही तीच आणि शेजारच्या खुर्चीतही तीच, नखं कुरतडत बसली होती.

सिनेमा सारंगचा. पुण्याहून नोकरीसाठी आलेला, बरकतपुऱ्यात त्यांच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहणारा. उंच, धांदरट, एका वाक्यात तीन भाषा मिसळणारी मुलगी त्याला हवी होती. त्याने मानसीलाच घेतलं, तिच्याच हकिकती जोडून गोष्ट लिहिली. घरात मात्र वर्षभर ती हो-नाहीपलीकडे बोलली नव्हती. का, ते इथे तरी कळेल म्हणून तारामती आली होती.

पडद्यावर सोमवार उजाडला. सिनेमातली आई मौन धरून वाती वळत होती. मुलगी दप्तर टाकून तिच्यासमोर बसली आणि सांगत सुटली. बसमधली फजिती, वर्गातल्या पोरींचं ‘ए लंबू, ऊपर बारिश हो री क्या’ म्हणून चिडवणं, सगळं. रडलीसुद्धा. आईने नुसती मान हलवली, पाठीवरून एकदा हात फिरवला. पोर डोळे पुसून जेवायला बसली.

तारामतीचंही सोमवारचं मौन होतं, सूर्यास्तापर्यंत. बारा वर्षं पाळलेलं. मागच्या श्रावणात मानसी अशीच समोर बसून रडली, आणि लेकराला धीराचा एक शब्द देता आला नाही, हे तिच्या जिवाला लागलं. गुरुजींना विचारून तिने व्रताचं उद्यापन केलं. त्यानंतर ती प्रत्येक गोष्टीवर बोलली. नीट चालत जा. तूच काहीतरी केलं असशील. देवाला हात जोड, होईल ठीक.

पडद्यावर उद्यापनाच्या पंगती उठत होत्या. दारात उभी मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "संपलं माझं. आता आई सोमवारीपण बोलणार."

लोक पुन्हा हसले. मग दिवे लागले.

तारामतीला किती काय सांगायचं होतं. तिने नुसतं लेकीचं नाव घ्यायला तोंड उघडलं.

"चुकलं माझं, आई," मानसी आधीच म्हणाली.